वरची जखम, खालची जखम

मानवजातीचा सारा इतिहास म्हणजे जखमा करणाऱ्यांचा आणि जखमा भरणाऱ्यांचा इतिहास होय, आणि या दोघांच्या मधोमध हातात दिवा घेऊन जो उभा आहे तो शास्त्रज्ञ. वाक्य बरं जमलं होतं. शेवटी नुसतं ‘तो शास्त्रज्ञ’ ठेवावं की ‘तोच खरा शास्त्रज्ञ’ असं ठासून म्हणावं, आणि त्या दिव्याचं काय करावं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. त्या विचारात तो संस्थेच्या लिफ्टमध्ये शिरला, रीतीप्रमाणे दाराकडे तोंड करून उभा राहिला, आणि दार पुरतं मिटायच्या आत मागच्या गृहस्थाने त्याच्या कानाखाली सणसणीत ठेवून दिली. ठेवून दिली म्हणजे चापटबिपट नव्हे. खांद्यापासून निघालेला, वाटेत कुठेही न रेंगाळलेला, पुष्कळ दिवस जपून ठेवलेला हात होता तो. चष्मा उडून कोपऱ्यात गेला, उजव्या कानात लांबलचक शिट्टी सुरू झाली आणि मानवजातीचा सारा इतिहास जागच्या जागी नाहीसा झाला. गृहस्थ पुढे आले. खरेदी करताना भांडं फिरवून बघावं तसा त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी न्याहाळला. “अरेरे,” ते म्हणाले. “माफ करा हं. तुम्ही ते नाही.” “हरकत नाही,” तो म्हणाला. हे तो खरंच म्हणाला. एवढ्यावर न थांबता चष्मा पुसून डोळ्यांवर चढवल्यावर त्याने “कितवा मजला?” असंही विचारलं आणि त्यांचं बटण स्वतः दाबलं. “मागून अगदी सेम दिसता हो तुम्ही,” उतरताना गृहस्थ म्हणाले, आणि त्या म्हणण्यात किंचित तक्रारही होती. दार मिटलं. दाराच्या चकचकीत पत्र्यात त्याला आपला गाल दिसला. गालावर चार बोटं उमटली होती, आणि ती इतकी समांतर होती की कामाची सफाई म्हणून त्याला क्षणभर कौतुकच वाटलं.

कारण सफाईची पारख त्याला होती. आयुष्यभर त्याने दुसरं काही केलं नव्हतं. संस्थेत ऊतींच्या दुरुस्तीवर, म्हणजे फाटलेलं मांस आणि कातडं पुन्हा कसं सांधतं यावर संशोधन चालायचं, आणि सांधायला आधी काहीतरी फाटलेलं लागतं. ते फाडणं त्याच्याकडे होतं. गुंगी दिलेल्या उंदराच्या पाठीवरचे केस भादरायचे, कण्याच्या डाव्या अंगाला एक आणि उजव्या अंगाला एक अशा दोन गोल जखमा पंचने पाडायच्या. पंच म्हणजे पेनसारखी दांडी आणि टोकाला गोल पातं. कातडी पुरती कापली गेली पाहिजे, खालच्या स्नायूला धक्का लागता कामा नये, आणि दोन्ही जखमा एकमेकींच्या जुळ्या बहिणी दिसल्या पाहिजेत. मग डावीवर मिश्रण टाकायचं, उजवीवर नुसतं मिठाचं पाणी. डावी लवकर भरली तर मिश्रणात दम आहे असं समजायचं. पण हा सगळा डोलारा जखमा सारख्या असण्यावर उभा होता, आणि त्याच्याइतक्या सारख्या जखमा साऱ्या संस्थेत कोणी करत नसे. त्याला सगळे जखममास्तर म्हणायचे. नव्या येणाऱ्याला वाटायचं ही टिंगल आहे. मग तो त्याचं काम बघायचा आणि मुकाट्याने तेच नाव वापरू लागायचा.

मिश्रण होतं तीन पेप्टाइडांचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाची छोटी तुटकी माळ. पुरतं प्रथिन नव्हे, त्यातली चार-दोन कामाची वाक्यं म्हणा. एक माळ नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणं धाडते, दुसरी पेशींना ढकलत जखमेच्या काठापर्यंत आणते, तिसरीने पोटाशी तांबं धरलेलं असतं आणि तिच्यामुळे सगळं मिश्रण फिकं निळं दिसतं, निदान प्रयोगशाळेतल्या बाई तरी असं समजावून सांगायच्या. कुपीच्या तळाशी निळसर भुकटीची चकती असायची. तिच्यावर पाणी थेट सोडायचं नाही, काचेच्या भिंतीवरून ओघळू द्यायचं. आणि मुख्य म्हणजे कुपी हलवायची नाही. दोन तळव्यांत धरून हळूच फिरवायची. गदागदा हलवली तर माळांचा गुंता होतो, मग त्या दिसायला तशाच दिसतात, पण कामाच्या राहत नाहीत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुपी त्याच्या तळव्यांत फिरायची थांबली होती. त्याला खांदे आठवले होते. स्वतःचे लहानपणचे खांदे, त्यांवर रोवलेले दादाचे दोन अंगठे, आणि मागेपुढे, मागेपुढे जाणारी खोलीची भिंत.

“मास्तर, गालाला काय झालं?” बाईंनी विचारलं. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या एकाच वेळी फोनवर बोलायच्या, सही करायच्या आणि समोरच्याच्या पोटातलं ओळखायच्या. “दाढ,” तो म्हणाला. “दाढेला बोटं असतात?” “अक्कलदाढ आहे.” बाईंनी फोनवर हात ठेवला, त्याच्याकडे पाहिलं, आणि फोनवरचा हात काढला. “पाहुणे यायच्या आत बर्फ लावा. आणि दोन वाक्यं तयार आहेत ना? लोकांना कळेल असं बोला. मागच्या वेळी तुम्ही ‘जखम ही एक संधी आहे’ म्हणालात आणि त्यातले एक जण उठून बाहेर गेले.” तो बर्फ आणायला मागच्या खोलीत गेला. बर्फाच्या पेटीवर वाकला आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने त्या गृहस्थांना मारलं. आधी नुसतं थोबाडलं. त्याने समाधान होईना तेव्हा पुन्हा लिफ्टमध्ये घालून, दार मिटू देऊन, सावकाश मारलं. मग त्यांना पालथं झोपवलं, मानेमागचे केस भादरले आणि कण्याच्या दोन्ही अंगांना, डावीकडे एक उजवीकडे एक, अशा शिस्तीत जखमा केल्या, वरपासून खालपर्यंत, शर्टाला काजं करावीत तशा. गृहस्थ ओरडत होते, आणि याला ऐकू येत होती फक्त कानातली शिट्टी. हात भरून आला तेव्हा कळलं की बर्फाचा तुकडा मुठीत दाबून दाबून त्याची धार तळव्यात शिरली आहे आणि पेटीतला पांढरा बर्फ गुलाबी होत चालला आहे. त्याने मूठ उघडली. त्याला थोडी लाज वाटली, आणि बरीचशी हुशारी.

कारण हे मारणं त्याला नवं होतं. मार खाणं मुळीच नवं नव्हतं. त्यांच्या घरी मार नळाच्या पाण्यासारखा वरच्या मजल्यावरून खाली यायचा. बाबा दादाला मारायचे, दादा ह्याला. ह्याच्या खाली कोणी नव्हतं, त्यामुळे तो सगळा ह्याच्यापाशी साठत राहिला. बाबांचा पट्टा असायचा. दादा कल्पक होता. तो कधी बादलीत डोकं बुडवायचा, कधी जिन्यावरून सोडून द्यायचा, कधी नुसता भिंतीशी उभा करून हात उगारायचा आणि मारायचाच नाही, आणि तेच सगळ्यांत वाईट असायचं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “उलटा हात उचलायचा नाही हं, मोठा आहे तो.” एकदा दादाने दारात त्याची बोटं सापडली असताना दार लावलं. मुद्दाम की चुकून, ह्याची चर्चा पुढे कधीच झाली नाही. काडकन आवाज झाला, आधी आवाज आणि मग पुष्कळ वेळाने दुखणं, आणि त्या मधल्या रिकाम्या जागेत दोघे भाऊ एकमेकांकडे नुसते बघत होते. मग दादाने आपला शर्ट टराटरा फाडून बोटांना गुंडाळला, त्याला पाठुंगळी घेतलं आणि दवाखान्यापर्यंत पळत नेलं. दवाखाना बंद होता. दादाने लाथा घालून तो उघडायला लावला. परत येताना म्हणाला, “घरी सांगितलंस तर दुसरा हात.” उजवी तर्जनी कायमची वाकडी राहिली. पुढे संस्थेत पहिल्यांदा पंच हातात दिला तेव्हा ती वाकडी तर्जनी दांडीच्या पाठीवर अशी चपखल बसली की जणू माप घेऊन केली होती. त्याच्या सगळ्या कीर्तीला, नाही म्हटलं तरी, दादाचाच हात लागला होता. आणि त्याच दादाने गल्लीतल्या एका दांडगट पोराला सायकलच्या साखळीने फोडलं होतं, का, तर त्याने ह्याची टोपी उडवली. पोराच्या कपाळाची कातडी पापुद्र्यासारखी लोंबत होती, आणि दादा साखळी गुंडाळत, धापा टाकत म्हणत होता, “ह्याला मारायचं तर मी मारीन. बाकी कोणी नाही.” त्या क्षणी ह्याची छाती अभिमानाने फुलली होती. ते आठवलं की आजही फुलायची, आणि मग त्याला आपल्याच छातीची किळस यायची.

तो दादा आता ह्याच्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर, डावा पाय उशीवर ठेवून पडला होता. रक्तात साखर, वर हट्टी स्वभाव. बायको कधीच सोडून गेलेली, मुलगी फोनसुद्धा उचलत नाही. एक दिवस घसरून पडला आणि त्या पायाला दोन जखमा झाल्या, एक वर नडगीवर, एक खाली टाचेवर. त्या लवकर भरेचनात. मग एका पिशवीत कपडे घालून तो दारात उभा राहिला. “चार दिवस आहे,” म्हणाला. ह्याच्या बायकोने दीर म्हणून पाणी दिलं, पंखा लावला, आणि चार दिवसांचे आठवडे झाल्यावर तोंड उघडलं. “भाऊजी, टॉवेल दांडीवर. भाऊजी, पेपर घडी करून. भाऊजी, बशीत चूळ भरायची नसते.” आणि ज्याच्यापुढे अख्खी गल्ली चळाचळा कापायची तो माणूस टॉवेल दांडीवर टाकायचा, तोसुद्धा टोकाला टोक जुळवून. हे बघताना ह्याला हसू यायला हवं होतं. येत नसे. एका संध्याकाळी दादा म्हणाला, “काय रे, तुझं ते उंदरांचं औषध आण की.” विनंती नव्हती ती. टोपलीतलं फळ उचलावं तसं म्हणाला. “ते माणसांसाठी नसतं, दादा. अजून सिद्ध काही झालेलं नाही.” “उंदीर मेले का त्याने?” “नाही.” “मग आण. डॉक्टर पाय कापायचं बोलतोय.” त्याने आणलं. प्रयोगातून उरलेलं, एरवी फेकून द्यायचं, ते कुपीत गोळा करून. हे चुकीचं होतं, नियमाबाहेरचं होतं, नोकरीवर बेतणारं होतं. पण खरी चूक ती नव्हती.

खरी चूक त्याच्या हाताने केली. पहिल्या दिवशी पट्ट्या सोडल्या, वाकडी तर्जनी पुढे झाली, आणि वरच्या जखमेवर निळं मिश्रण टाकून तो हात सवयीने दुसऱ्या बाटलीकडे गेला, मिठाच्या पाण्याच्या, आणि खालच्या जखमेवर पाणी टाकून मोकळा झाला. एक अंग औषधाचं, एक अंग तुलनेचं. वर्षानुवर्षं हेच केलेला हात. त्याला समोर पाठ आहे की पाय, उंदीर आहे की भाऊ, एवढं कळत नसेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी चूक सुधारता आली असती. दुसऱ्या दिवशी त्याने विचार केला की आता मध्येच बदललं तर कालचं वाया जाईल. तिसऱ्या दिवशी विचार केला नाही. वरची जखम भरू लागली. काठ गुलाबी झाले, मग आत सरकले. टाचेची काळवंडली, मऊ पडली, तिला वास येऊ लागला, आणि तो रोज तेवढ्याच प्रेमाने तिच्यावर मिठाचं पाणी सोडत राहिला, काठावरून, ओघळू देत, जराही घाई न करता. तुलनेसाठी, असं तो म्हणायचा. कोणाला म्हणायचा? विचारणारं कोणीच नव्हतं. आज मात्र लिफ्टमधल्या गृहस्थांनी त्याच्या चेहऱ्यात डोकावून निर्वाळा दिला होता: तुम्ही ते नाही. आणि बर्फाच्या पेटीपाशी उभ्या उभ्या त्याच्या मनात पहिल्यांदा आलं की माणूस घाईत होता, त्याने नीट पाहिलंच नसेल. मागून पाहिलं तेच बरोबर असेल.

पाहुणे आले. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेची माणसं, पायात निळी प्लास्टिकची पायमोजेवजा टोपडी चढवून, नाकावर रुमाल धरून. बाईंनी ओळख करून दिली. “हे आमचे मास्तर. ह्यांच्या हाताला तोड नाही.” त्याने दोन वाक्यं म्हणायला तोंड उघडलं. मानवजातीच्या इतिहासातलं ‘मानव’ एवढं बाहेर पडलं आणि गालातून कळ गेली, तेव्हा तो नुसता खाली बसला आणि कामाला लागला. उंदीर गुंगीत होता. भादरलेली पाठ गुलाबी, उबदार, श्वासाबरोबर बारीक हलणारी. डावी जखम झाली, नेहमीसारखी. पाहुण्यांतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, “ह्याला औषध लागणार?” “हो.” “आणि हे पलीकडे करताय ते?” “तिला मिठाचं पाणी.” “का बरं?” “तुलनेसाठी. एक बिनऔषधाची असल्याशिवाय औषधाने झालं की आपोआप झालं, ते कळत नाही.” “ते बरोबर आहे हो,” वयस्क बाई म्हणाल्या, अगदी मायेने, शेजारच्या मुलाची चौकशी करावी तसं. “पण तिने काय घोडं मारलंय?” सगळे हसले. तोही हसला. हसता हसता त्याने पंच टेकवला, आणि वाकड्या बोटाने दाबलं, आणि बोट थांबेना. कातडी गेली, खालचा पडदा गेला, स्नायू गेला. ते जात असताना त्याला तळव्यात एक एक थर कळत होता, आणि प्रत्येक थराला वाटत होतं, इथे थांबायचं असतं, आणि प्रत्येक थराखाली अजून काहीतरी होतं. दांडीच्या कडेने रक्त वर आलं, हातमोज्यावरून मनगटाकडे निघालं. इतकं रक्त त्या टेबलाने त्याच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी “अगं बाई” म्हणालं. टोपडी घातलेले पाय मागे सरकले. प्रयोगशाळेच्या बाईंनी शांतपणे पाहुण्यांना पुढच्या खोलीकडे वळवलं आणि जाता जाता त्याच्या कानाशी, शिट्टी वाजत होती त्याच कानाशी, म्हणाल्या, “हा बाद. संपवा. आणि घरी जा.”

संपवायचं म्हणजे मानेमागे दांडी आडवी टेकवायची आणि शेपटीकडून एक हिसका द्यायचा. गुंगीतल्याला कळतही नाही. काडकन आवाज झाला. आधी आवाज, आणि मग ती रिकामी जागा. त्या जागेत तो उभा राहिला, तळहातावर ती ऊब घेऊन, आणि पलीकडे कोणी तरी आपल्याकडे नुसतं बघत असावं म्हणून मान वर करून पाहिलं. तिथे हात धुवायच्या नळावर लावलेली सूचना होती. खिशात फोन थरथरला. पायाचे सर्जन होते. आज दादाला घेऊन बायको त्यांच्याकडे गेली होती, आणि खालच्या जखमेकडे बघून ते शेवटचं काय ते ठरवणार होते. “परवा घेऊ,” सर्जन म्हणाले. “गुडघ्याखालून. आता थांबण्यात अर्थ नाही.” त्याने विचारलं, आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवून, “आणि वरची? वरची भरलीय ना?” “वरची काय हो, नुसतं खरचटलं होतं. ती काही न लावता भरली असती. टाचेचं तसं नाही, तिथवर रक्तच पोचत नाही. जगातलं कुठलंही औषध ओतलं असतं ना, तरी हेच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” त्याने आभार मानले. फोन ठेवला. पाय वाचला नसताच. म्हणजे तो सुटला होता. सुटल्यासारखं वाटण्याची तो बराच वेळ वाट बघत राहिला. त्याऐवजी त्याला संताप आला, असा की दात दातांवर घासले. दोन जखमा सारख्या नव्हत्याच! एक उथळ, एक खोल. एकीला रक्त, एकीला नाही. जन्मभर जुळ्या जखमा पाडणाऱ्या जखममास्तराने अशा जोडीवर तुलना मांडली होती, जी बघून पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हसला असता. शास्त्र म्हणून ते केराच्या टोपलीत टाकण्याच्या लायकीचं होतं. आणि दुसरं जे काही होतं, ज्याचं नाव तो इतके दिवस घेत नव्हता, सूड, तो म्हणूनही ते भुसभुशीत निघालं. त्याच्या पाण्याने काहीच बिघडलं नव्हतं. फक्त पाणी टाकणारा तो होता, हे तेवढं खरं होतं, आणि ते धुऊन जाण्यासारखं नव्हतं.

घरी जाताना तो बसच्या रांगेत उभा राहिला. पुढच्या माणसाची पाठ रुंद होती, मान आखूड, मानेवर दोन वळ्या, अगदी दादाची. उजवा कान लालबुंद, आयता, हाताच्या टप्प्यात. तो त्या कानाकडे बघत राहिला. बघता बघता आजूबाजूची रांग, रस्ता, गाड्यांचे आवाज सगळं मागे हटलं आणि जगात तो कान तेवढा उरला. दाबून ठेवलेली सगळी उत्तरं खांद्यात गोळा झाली. बादलीतल्या पाण्याचं, जिन्याचं, भिंतीचं. हात वर गेला. तो वर गेलेला त्याला दिसला, दुसऱ्याचा असावा तसा, आणि किती सोपं असतं हे, कोणी सांगितलंच नाही, असं वाटून त्याला रडू यायला लागलं. माणूस वळला. चेहरा कोणाचाच नव्हता. एक दमलेला, बिनमिशांचा चेहरा. “काय?” “डास,” तो म्हणाला. “मग मारा की,” माणूस म्हणाला आणि कान पुढे केला. ह्याने दोन बोटांनी हळूच कानाची पाळी झटकली. “थँक्यू,” माणूस म्हणाला.

बायकोने दार उघडलं, गाल पाहिला, “अहो, हे काय?” म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत चहा ठेवायला गेली. दादा पलंगावर बसला होता. पायाला दवाखान्याची नवी पट्टी. संध्याकाळचं ऊन त्या पट्टीवर पडलं होतं, आणि पाय आत्ताच कोणी दुसऱ्याने आणून ठेवल्यासारखा दिसत होता. “परवा कापणार,” दादा म्हणाला. मग त्याचं लक्ष गालाकडे गेलं आणि डोळे बारीक झाले. “हे कोणी केलं?” “कोणी नाही. चुकून लागलं. लिफ्टमध्ये एक माणूस...” “चुकून? चार बोटं चुकून? नाव काय त्याचं?” “माहीत नाही.” “दिसतो कसा?” “दादा, जाऊ दे.” “जाऊ काय दे! तंगडी तोडून हातात देतो त्याच्या. उद्या मला घेऊन चल. रिक्षाने चल. लिफ्टमध्ये बसवून ठेव मला खुर्चीत, येईलच कधी तरी. ह्याला मारायचं तर...” आणि तो खरोखर उठू लागला, पलंगाच्या कडेला हात रोवून, मानेच्या शिरा फुगवून, आणि पाय टेकताच पांढरा पडून मागे कोसळला. पट्टीवर एक तांबूस डाग उमटला आणि पसरू लागला. खोलीत टाचेचा तो गोडसर वास भरला.

“दादा,” तो म्हणाला. “खालच्या जखमेला मी औषध लावलंच नाही. पाणी लावत होतो. मिठाचं पाणी.” बोलून झाल्यावर त्याने खांदे आपोआप कानांशी घेतले, आणि ते घेतले गेल्याचं त्याला कळलं. आत कपबशांचा आवाज झाला. मग दादा म्हणाला, “ठाऊक आहे.” “काय ठाऊक आहे?” “वरती निळं, खालती पाणी. पाय सडलाय माझा, डोळे नाहीत.” “मग बोलला का नाहीस?” दादा खिडकीकडे बघत होता. “बघत होतो किती दिवस रेटतोस. रोज वाटायचं, आज फुटेल, आज निळं लावेल. नाही लावलंस. हातसुद्धा हलला नाही तुझा.” त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी येत होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला ह्याला वेळ लागला, कारण तिथे ते त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. कौतुक होतं ते. “मला नेहमी वाटायचं हे पोर आपलं नाहीच. बाबांचं एक लक्षण नाही अंगात. म्हटलं, चला, आहेस म्हणायचा आमच्यातला.” दादाने मारलेलं सगळं ह्याला आजवर सोसलं होतं, हे सोसेना. “दादा, सर्जन म्हणाले, औषधाने काही फरक पडला नसता. पाय जायचाच होता. माझ्या पाण्याने काही झालेलं नाही.” “काहीच नाही?” “काहीच नाही.” दादाने पट्टीवरच्या डागाकडे पाहिलं. “हात्तिच्या,” तो म्हणाला.

“मार मला,” हा म्हणाला. हे तो इतक्या खालच्या आवाजात म्हणाला की शिट्टीमुळे त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. तो पलंगाशी गुडघे टेकून बसला होता, चांगला गाल पुढे करून. दादाचा उजवा हात गादीवरून उचलला गेला. तोच हात. मनगट आता काटकीसारखं झालेलं, पण पंजा तेवढाच, पुस्तकाएवढा. तो वर वर गेला आणि डोक्याच्या वर थांबला, पूर्वी भिंतीशी उभं करून थांबायचा तसाच. ह्याने डोळे मिटले. पापण्यांच्या आत लाल अंधार होता, आणि त्या अंधारात तो दार लागायची, लिफ्ट हलायची, मान मोडायची, कशाचीही वाट बघत होता. फक्त आवाज आधी यावा आणि दुखणं लवकर. हात खाली आला. तो ह्याच्या खांद्यावर टेकला, अंगठा जुन्या खड्ड्यात रोवला गेला, आणि दादाने त्याचा आधार घेऊन, कण्हत, स्वतःला सरळ बसतं केलं.

“नेलकटर आण रे,” दादा म्हणाला. “पायाची नखं काप जरा, मला वाकता येत नाही. दोन्ही पायांची काप. जाणाऱ्याचीसुद्धा, चारचौघांत जायचंय त्याला. आणि खाली पेपर धर, तुझी बायको ओरडते मला.”